शंभर पावलांचा एक चिंचोका

गुडघ्याचं ऑपरेशन करून अण्णांना घरी आणलं, ॲम्ब्युलन्सवाले दोघे आणि शेजारचे दोघे अशा चौघांनी मिळून त्यांना पलंगावर टेकवलं, पायाखाली उशी दिली. आता हा माणूस निदान पाणी तरी मागेल म्हणून आम्ही सगळे वाट बघत उभे. अण्णांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "चार्जर कुठाय?"

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एकाहत्तर. अंबरनाथच्या फॅक्टरीत छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची चोवीस तपासणी खात्यात. तयार झालेला नग त्यांच्या टेबलावर यायचा. ते त्याला गेज लावायचे. मापात बसला तर हिरवी खूण. नाही बसला तर लाल. थोडक्यात चुकलेला आणि सुधारता येण्यासारखा असेल तर पिवळी, म्हणजे रीवर्क. या तीन रंगांपलीकडे जगात चौथा रंग आहे असं अण्णांना आजही वाटत नाही. भाजीवाल्याची वांगी, माझे शाळेतले मार्क, मला सांगून आलेली स्थळं, सगळं याच तीन रंगांतून गेलं. स्थळं बरीचशी लाल निघाली. दोन पिवळी होती, ती सुधारून परत आलीच नाहीत. मी आता सेहेचाळीस वर्षांची आहे आणि अण्णांबरोबर राहते. ही तक्रार नाही, माहिती आहे.

आई गेली त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर अंबरनाथची जुनी जागा विकून आम्ही चिखलोलीला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आलो. बिल्डरच्या जाहिरातीत नवं स्टेशन पाच मिनिटांवर होतं. आम्ही गेलो तेव्हा स्टेशनच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं. अण्णांनी ते चालत जाऊन पाहिलं होतं, आणि पाच नाही, अकरा मिनिटं लागतात असं बिल्डरच्या माणसाला फोन करून कळवलं होतं. तेव्हा त्यांचा गुडघा बरा होता.

आई होती तोवर अण्णांकडे बटणांचा फोन होता आणि तो बहुतेक वेळ फ्रीजवर असायचा. ती गेल्यावर मीच त्यांना मोठा मोबाईल घेऊन दिला. घरात जरा आवाज असावा, एवढाच हेतू. आवाज झाला. कुठलासा जपानी माणूस गंजलेली सुरी घासतो, पॉलिश करतो आणि शेवटी तिने टोमॅटो कापून दाखवतो, असले व्हिडिओ अण्णा सकाळी सातपासून बघायला लागले. सुरी झाली की कुऱ्हाड, कुऱ्हाड झाली की सुताराचा रंधा. जगात इतका गंज असेल याची मला कल्पना नव्हती. एकदा मी वैतागून विचारलं, "अण्णा, दिवसभर गंज काय बघत बसता?"

"गंज नाही बघत," ते मान वर न करता म्हणाले, "गंज गेलेला बघतो."

त्यांना बोलायचा मला काही अधिकार होता अशातला भाग नाही. मी व्यायामाचे व्हिडिओ बघते. पडून. चाळिशीनंतर पोट कमी करण्याचे सात प्रकार मला तोंडपाठ आहेत. कुठल्या आसनात श्वास कधी सोडायचा हे मी मैत्रिणींना फोनवर सांगते, आणि तेव्हाही पडलेलीच असते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझं काम घरूनच चालतं. परदेशातल्या दवाखान्यांचे फॉर्म बरोबर भरलेत का ते मी कॉम्प्युटरवर तपासते. म्हणजे तपासणी आमच्या रक्तातच आहे. रक्तात साखरही थोडी आहे. डॉक्टर गेली तीन वर्षं म्हणतायत की ती बॉर्डरवर आहे. बॉर्डरवर आहे म्हणजे अजून आत आलेली नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला होता.

आमच्या कंपनीने माणसं बसून बसून खराब होऊ नयेत म्हणून सगळ्यांना मनगटावर बांधायचा एकेक पट्टा पाठवला होता. दिवसभरात किती पावलं चाललो ते तो मोजतो आणि आकडा ऑफिसच्या ग्रुपवर आपोआप जातो. माझी रोज सात हजारांच्या आसपास यायची. टीममध्ये मी तिसरी होते. मला एक प्रमाणपत्रही आलं, वर धावणाऱ्या बाईचं चित्र. मी ते अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "कधी चालतेस?"

"होतं तसं," मी म्हटलं, "घरातल्या घरात."

अण्णा "हं" म्हणाले आणि कुऱ्हाडीकडे वळले.

तर गुडघा. घरी सोडताना सर्जननी मला बाजूला घेतलं होतं. सहा आठवड्यांत गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकला पाहिजे, ते म्हणाले. नाही वाकला तर आतून चिकटत जातो. मग परत भूल देऊन जोर लावून वाकवावा लागेल. "आणि यांचं हृदय बघता," ते फाईल मिटत म्हणाले, "मला यांना परत भूल द्यायची इच्छा नाही."

मी घाबरले. आई गेल्यापासून घरात मला हाक मारणारं माणूस एवढं एकच उरलं होतं.

बदलापूरहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी स्कूटीवरून एक दिवसाआड यायची. तिच्याकडे कोन मोजायची प्लास्टिकची दोन पट्ट्यांची कैची होती. पहिल्या दिवशी तिने ती गुडघ्याला लावली तेव्हा अण्णांनी मोबाईल खाली ठेवला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

"लीस्ट काउंट किती याचा?" त्यांनी विचारलं.

"काय काका?"

"कमीत कमी किती मोजतं?"

"एक डिग्री."

"मग ठीक," अण्णा म्हणाले आणि मोबाईल परत उचलला.

पहिल्या आठवड्यात अठ्ठेचाळीस अंश. दुसऱ्यात चोपन्न. तिने दिलेले व्यायाम अण्णा करत नसत. विचारलं की "झाले" म्हणत. टाच मागे ओढायची दहा वेळा, ती ते मनात ओढत असावेत. वॉकर पलंगाशेजारी उभा असायचा आणि त्यावर टॉवेल वाळत असायचा. मी चार्जर लपवला तर शेजारच्यांकडून दुसरा आला. मोबाईल मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवला, म्हणजे निदान घ्यायला तरी उठतील, तर बाहेरून हाक आली, "बाय, तेवढा तो आण जरा." आणि मी नेऊन दिला. एकदा नाही, रोज. कारण ते त्यांच्या मोबाईलमध्ये असले की मला माझ्या मोबाईलमध्ये जाता यायचं. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. आता करते, कारण मला त्याची लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी अठ्ठावन्न. ती मुलगी स्कूटीची चावी बोटात फिरवत दारात थांबली. "ताई, मी रोज आले तरी उपयोग नाही. ये अपने मन से उठेंगे तभी होगा. काकांना कशात तरी इंटरेस्ट पाहिजे."

मग मी उल्हासनगरला तीन नंबरच्या कॅम्पात गेले आणि बाजारातल्या एका घड्याळांच्या दुकानातून अण्णांसाठीही माझ्यासारखाच पट्टा आणला. पावलांचा आकडा दिसला की माणसाला हुरूप येतो, असं मी एका व्हिडिओत पाहिलं होतं.

अण्णांनी तो मनगटावर बांधून घेतला. नवीन गेज टेबलावर आलं की ते हातात घेतातच, सवयच आहे ती. वॉकरवरचा टॉवेल काढला. दारातून बाहेर, पॅसेजच्या टोकापर्यंत आणि परत. प्रत्येक पावलाला तोंड वाकडं होत होतं. मी मागून चालत होते आणि मनात देवाचं नाव घेत होते. परत येऊन ते पलंगावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "बहात्तर पावलं झाली. बघ काय म्हणतो."

मी पट्टा पाहिला. पट्टा म्हणत होता चार.

"किती?"

"चार," मी म्हटलं.

तेवढ्यात अण्णांच्या कानाशी डास आला. त्यांनी हाताने हाकलला, तो परत आला, परत हाकलला. मग त्यांनी सहज मनगटाकडे पाहिलं. अकरा.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला. "बसलो तर मोजतो आणि चाललो तर मोजत नाही! हे गेज आहे? हे कोणी पास केलं?"

नंतर आम्हाला त्या फिजिओवाल्या मुलीने समजावलं की पट्टा पाय मोजत नाही, हाताची हालचाल मोजतो. वॉकर धरला की हात हलत नाही, म्हणून पावलं धरत नाही. मला वाटलं विषय संपला. अण्णांच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. एका रीडिंगवर माल रिजेक्ट करत नाहीत, ते म्हणाले. गेजला पूर्ण संधी द्यायची. दहा रीडिंगं घ्यायची. आणि त्यासाठी हात मोकळा पाहिजे.

म्हणून वॉकर गेला आणि डाव्या हातात काठी आली. उजव्या मनगटावर पट्टा. कपाटातून त्यांनी जुनी लांबडी वही काढली, पट्टीने रकाने आखले. वर लिहिलं, "नग क्र. १. मनगटी पट्टा." मग त्यांनी मला आईचा स्टीलचा डबा मागितला. त्यात चिंचोके होते. सोमवती अमावास्येला आई पिंपळाला एकशेआठ प्रदक्षिणा घालायची तेव्हा मोजायला हेच चिंचोके न्यायची. ती गेल्यापासून डबा कोणी उघडला नव्हता. अण्णांनी मूठभर चिंचोके सदऱ्याच्या डाव्या खिशात टाकले. शंभर पावलं झाली की एक डाव्या खिशातून उजव्या खिशात. मेंदू चुकतो, खिसा चुकत नाही, हे त्यांचं म्हणणं.

मग तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ तपासणी सुरू झाली. फरशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक्केचाळीस. खडूच्या खुणा. शंभर पावलांना पट्टा कधी त्र्याऐंशी म्हणायचा, कधी एकशे सात. काठी उजव्या हातात घेतली की वेगळा आकडा, हात खिशात घातला की आणखी वेगळा. अण्णा प्रत्येक वेळी आत येऊन वहीत लिहायचे आणि तोंडाने "नालायक" म्हणून परत बाहेर जायचे. शेजारच्या वहिनी दार किलकिलं करून मला खुणेने विचारायच्या, बरे आहेत ना? मी मान हलवायचे.

जपानी माणूस उशीखाली पडून राहिला. मी चार्जर लपवायचं सोडलं, कारण तो कोणी मागतच नव्हतं.

चौथ्या आठवड्यात सत्तर अंश. पाचव्यात ब्याऐंशी. फिजिओवाली मुलगी खूश झाली. अण्णा नव्हते. गुडघ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. दहा रीडिंगांच्या ठिकाणी चाळीस झाली होती आणि एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. आणि नेमका तिथेच गुडघा अडला. ब्याऐंशी, परत ब्याऐंशी. सहावा आठवडा सुरू झाला. आठ अंश राहिले होते आणि सहा दिवस. माझी झोप उडाली. मोबाईलवर मी भूल देण्याचे धोके वाचत बसायचे, आणि ते वाचून कोणाला बरं वाटल्याचं मला माहीत नाही.

गुरुवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. बगलेत वही. "चल. जिथून घेतलास त्या दुकानात जायचं. माल परत करायचा."

मी म्हटलं, रिक्षा पूर्ण करू, तुम्ही पाय लांब करून बसा. ते म्हणाले, नाशवंत माल आहे का मी? अंबरनाथपर्यंत एक शेअर रिक्षा, तिथून उल्हासनगरची दुसरी. पहिल्या रिक्षात त्यांना ड्रायव्हरशेजारी बसवलं, तिथे पाय बाहेर सोडता आला. दुसऱ्या रिक्षात पुढची जागा गेलेली होती. मी म्हटलं, थांबू, दुसरी येईल. तोवर अण्णा मागे मध्ये जाऊन बसलेही होते. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मांडीवर जीन्सचं गाठोडं घेतलेले एक काका. अण्णा वही उघडून त्या काकांना रीडिंगं दाखवायला लागले. "बघा, शंभर चाललो, एकशे सात. मग हे सात कोण चाललं?" काका म्हणाले, बरोबर आहे.

शेअर रिक्षात मागे मध्ये बसलेल्या माणसाला पाय लांब करता येत नाही. तशी जागाच नसते. मी खाली पाहिलं. अण्णांचा गुडघा पुढच्या सीटच्या पत्र्याला टेकला होता आणि पाय सरळ खाली जमिनीवर होता. काटकोनात. मी पुन्हा पाहिलं. बोलले तर त्यांच्या लक्षात येईल आणि लक्षात आलं तर दुखायला लागेल, म्हणून मी गप्प बसले आणि रस्त्याकडे पाहत डोळे पुसले.

दुकानदार सिंधी होते, पन्नाशीचे, स्टुलावर मावत नसलेले. काउंटरवर मोबाईल उभा करून क्रिकेट बघत होते. अण्णांनी वही उघडून समोर ठेवली. त्यांनी वहीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"साईं, कंपनी का माल है. गलत कैसे होएगा?"

"मग तुम्ही चाला," अण्णा म्हणाले.

"मैं?"

"शंभर पावलं. मी मोजतो."

का कोण जाणे, ते उठले. स्टूल करकरलं. पट्टा बांधून ते बाजारातून चालायला लागले, मागे काठी टेकत अण्णा, त्यांच्या मागे मी. तीन नंबरच्या त्या रस्त्यावर दर चार पावलांना त्यांच्या ओळखीचं कोणीतरी होतं. कापडवाला, जीन्सवाला, पापडवाला. प्रत्येकाला ते हात वर करत होते. "कहाँ चले?" जो तो विचारत होता. "ये काका चला रहे हैं," ते सांगत होते. शंभर पावलांवर अण्णांनी त्यांना थांबवलं. ते एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि छातीवर हात ठेवून धापा टाकू लागले. पट्टा म्हणत होता एकशे एकतीस.

"एकतीस नमस्काराचे," अण्णांनी वहीत लिहिलं.

पट्टा परत झाला नाही. वॉरंटीत असं काही बसत नव्हतं. पण दुकानदारांनी चहा मागवला आणि परत स्टुलावर बसताना म्हणाले, "काका, सौ कदम में मेरा दम निकल गया. ये पट्टा तो झूठ बोला, पर मेरी छाती झूठ नहीं बोली." अण्णांना हा माणूस आवडला. त्यांनी वहीत पट्ट्यापुढे लाल खूण केली, तारीख घातली, सही केली आणि दुकानदारांचीही साक्षीदार म्हणून सही घेतली.

घरी आलो तर लिफ्ट बंद. मी खुर्ची मागवू का म्हणून विचारेपर्यंत अण्णा कठड्याला धरून चढायला लागले होते. एक पायरी, थांबायचं, दुसरी पायरी. मी मागे. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्यावर मला चक्कर आल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे काळे ठिपके आले, आणि मी पायरीवर बसले. अण्णा वर पोचले होते. मला वाटलं ते ओरडतील. ते कठड्याला धरून उभे राहिले, माझा श्वास जागेवर येईपर्यंत वरून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. माझ्या पट्ट्यावर त्या दिवशी नऊ हजार आठशे पावलं होती.

दुसऱ्या दिवशी कैचीने त्र्याण्णव दाखवले. फिजिओवाल्या मुलीने टाळी वाजवली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. सर्जननी आठवड्याने गुडघा हलवून पाहिला आणि म्हणाले, छान, आता भुलीचं नाव काढायला नको. अण्णांनी त्यांना फक्त विचारलं की तुम्ही पट्टा वापरता का. ते म्हणाले हो. अण्णा म्हणाले, नका वापरू.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पट्टा रिजेक्ट झाला होता, गुडघा पास झाला होता. मी पुन्हा निश्चिंत मनाने पडून सात प्रकार बघायला लागले.

अण्णा सकाळी खाली फिरून यायचे आणि मग दिवसभर हॉलमध्ये खुर्चीवर बसायचे. मोबाईल नाही, टीव्ही नाही. मांडीवर आईचा डबा, आणि मधूनच एखादा चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. मी कामाच्या टेबलावरून बघायचे आणि मला काळजी वाटायची. बसल्या बसल्या कसली पावलं मोजतायत? वयाचा परिणाम असेल म्हणून मी विषय काढला नाही. एकदा हलक्या आवाजात "अण्णा, तुमचे व्हिडिओ लावून देऊ का?" असंही विचारलं. म्हणजे बघा.

महिनाअखेरीला ऑफिसकडून नवं प्रमाणपत्र आलं. मी टीममध्ये दुसरी आले होते. रविवारची दुपार होती. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला.

अण्णांनी ते वाचलं. मग उठले, काठी न घेता कपाटापर्यंत गेले आणि लांबडी वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. लाल खुणेच्या पानानंतर नवीन पान होतं. वर लिहिलं होतं, "नग क्र. २." पुढे नाव नव्हतं. खाली आठ दिवसांच्या आठ ओळी. पट्टा, सात हजार दोनशे चौदा. प्रत्यक्ष, चारशे दहा. पट्टा, सहा हजार नऊशे. प्रत्यक्ष, तीनशे साठ. शेवटच्या रकान्यात चिंचोके. चार. तीन. चार. चार. आठ दिवसांत पाच कधी झालेच नव्हते.

शेऱ्यांमध्ये त्यांच्या बारीक अक्षरात कारणं दिली होती. "मीटिंगमध्ये उजवा पाय सतत हलतो. पट्ट्याचा हात त्याच गुडघ्यावर असतो." आई मला लहानपणापासून सांगायची, बसून पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते. "पोळ्या लाटताना, तीनशे नव्वद." "दारापर्यंत गेली नाही." "दारापर्यंत गेली नाही." "कचरा ठेवायला दारापर्यंत गेली."

मला राग आला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापाने आठ दिवस खुर्चीवर बसून आपली पावलं मोजावीत! मी बोलायला तोंड उघडलं आणि पानाच्या तळाशी पाहिलं. तिथे खूण होती. पिवळी.

"लाल का नाही?" मी विचारलं.

"लाल माल वितळवायला जातो," अण्णा म्हणाले. "पिवळा परत टेबलावर येतो." त्यांनी माझ्या मांडीवरची वही मिटली. "पण टेबलावर माणूस बसलेला आहे तोवर आला पाहिजे, बाय. मी किती दिवस बसणार? त्या दिवशी जिन्यात तू बसलीस. वरून मला खाली येऊन तुला उचलता आलं नसतं. मी नसेन तेव्हा तुला कोण उचलणार आहे?"

आयुष्यात त्यांनी मला विचारलेला हा सगळ्यात लांब प्रश्न होता. ते चपला घालायला दारापाशी गेले.

"काठी विसरलात," मी म्हटलं.

"विसरलो नाही."

मी पट्टा काढून टेबलावर ठेवला. मोबाईल घ्यावा का म्हणून हात पुढे केला, तर ते म्हणाले, असू दे, मोजायला मी आहे. चिंचोके मागितले, तर माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता. म्हणून ते त्यांच्याच डाव्या खिशात गेले, आणि आम्ही लिफ्टकडे न बघता जिन्याने उतरून पत्र्याच्या कुंपणाच्या दिशेने निघालो. ते माझ्या पावलांवर नजर ठेवून चालत होते. पहिला चिंचोका उजव्या खिशात गेला तेव्हा आम्ही जेमतेम कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत आलो होतो. मला धाप लागली होती, आणि त्यांच्या डाव्या खिशात आईचे बाकीचे चिंचोके वाजत होते.